बोटांना न कळलेली आच

बोअरमधून वर काढलेल्या मोटारीजवळ उत्तमनाना बसले की आधी बराच वेळ ते काहीच करत नसत. स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज त्यांनी स्वतः काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलेला असे. तो खिसा ते एकदा बाहेरून चाचपत. वारा कुठून येतो ते पाहत. मग बसल्या जागेभोवतीचं उसाचं पाचट, केळीची वाळलेली पानं, कपाशीच्या पऱ्हाट्या दोन्ही हातांनी दूर सारून खालची माती उघडी करत. पाण्याची कळशी उजव्या हाताला. जुन्या पत्र्याचा एक तुकडा डाव्या हाताला. एवढं झाल्यावर पिशवीतून गरम हवेचा झोत सोडणारी हीटगन निघे. तिची बॅटरी दुसऱ्या पिशवीतून निघे. दोन्ही एका पिशवीत त्यांनी कधी ठेवल्या नाहीत.

शेताचा मालक तोवर रडकुंडीला आलेला असे. मे महिन्यात मोटार बंद पडली की आमच्या तापीकाठचा शेतकरी माणसांकडे बघत नाही, केळीच्या पानांकडे बघतो.

"नाना, व्हवू द्या ना आते."

"तुन्ही केयी घंटाभर थांबी," नाना म्हणत. "आग थांबनार नही."

मी सारंगखेड्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो आणि नानांचं घर माझ्या घराला लागून होतं. नानांची केळी होती, ऊस होता, आणि वयाची कितीतरी वर्षं त्यांनी साखर कारखान्यात इलेक्ट्रिक विभागात काढली होती. निवृत्त झाल्यावर ते पंचक्रोशीतल्या नात्यागोत्यातल्या लोकांच्या मोटारींच्या केबलचे जोड करून देत. हौस म्हणा, मान म्हणा. रविवारी किंवा सुट्टीत ते मला हाक मारत. "सर, चाला. तुमीन बोलतस कमी, म्हनीसन बरं वाटस." माझ्या हातून त्यांना काहीच मदत होत नसे. मी पुस्तक घेऊन बांधावर बसे, आणि थोड्या वेळात पुस्तक मिटून त्यांच्याकडे बघत बसे.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोअरमधली मोटार पाण्यात खोल असते. केबल तुटली की तीन पायांची घोडी उभी करून पाईपसकट मोटार वर ओढावी लागते आणि तारा नव्याने जोडाव्या लागतात. त्या जोडात पाणी शिरू नये म्हणून त्यावर एक काळी नळी चढवतात. गरम हवा लागली की ती नळी आकसते, जोडाला घट्ट आवळून बसते, आणि आतला डिंक दोन्ही टोकांना मण्यांसारखा बाहेर येतो. पूर्वी हे काम लोक लायटरने करत, नाहीतर पेटत्या पऱ्हाटीवर. नळी एका बाजूने जळे, दुसऱ्या बाजूने कच्ची राही, आणि महिन्याभरात मोटार पुन्हा वर. नानांचा मुलगा राजू सुरतेला असतो. एका दिवाळीला त्याने ही बॅटरीवरची गन आणली. शेतात वायर नको, प्लग नको. नानांनी ती पहिले काही दिवस नुसती हातात धरून पाहिली असावी. नंतर मात्र त्यांचा जोड आणि ती गन यांचं नाव सगळीकडे एकत्रच घेतलं जाई.

नाना स्वतःच ते नाव घेत, हे खरं आहे. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. "मन्हा जोड एकदाव पानीमा गया म्हंजे परत वर येस नही," हे वाक्य मी किती शेतांत ऐकलं असेल ते सांगता येत नाही. दुसऱ्याने केलेला जोड हातात आला तर ते तो दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा लांब धरत. आणि रागवायचे. केबलवरचं ग्रीस काढायला आमच्याकडे सर्रास मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून फडक्याने पुसतात. ते दिसलं की नानांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाई. फडकं बांधापलीकडे टाकायला लावत, माणसाला हात माती लावून धुवायला लावत, आणि मग केबल नाकाशी धरून वास पूर्ण जाईपर्यंत बसून राहत. गन हातात न घेता.

त्यांचा पुतण्या भटू याला हे सगळं म्हणजे म्हाताऱ्याचे चाळे वाटत. भटू चाळिशीतला, तोंडाने फाटका, मनाने वाईट नव्हे. एकदा हिवाळ्यात नानांना नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे बोलावणं आलं. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर लांबच्या लांब लाल मिरची वाळत घातलेली, कोपऱ्यात बोअर. जोड अर्धा झाला होता. वारा फिरला आणि मिरचीकडे वाहू लागला. नानांनी गन पत्र्यावर उभी करून ठेवली, उपरणं तोंडाला बांधलं आणि म्हणाले, आता वारा बदलेपर्यंत चहा. व्यापारी आत-बाहेर करत होता. त्याला खूश करावं म्हणून भटूने गन उचलली.

"नुसती हवा शे नाना, इस्तो थोडाच शे!" असं म्हणत त्याने राहिलेल्या नळीवर ती रोखली. नळीमागे मिरचीचा ढीग होता.

धूर असा दिसला नाही. आधी व्यापारी खोकला, मग मिरची पालटणाऱ्या बाया, मग सगळेच. माणसं पदर, टोप्या, जे हाती येईल ते तोंडाला लावून रस्त्याकडे धावत सुटली. एक रिक्षावाला रिक्षा तिथेच सोडून पळाला. भटू डोळ्यांवर पालथे हात चोळत ओरडत होता, "मन्हा डोया गयात वो नाना!"

नानांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते पळाले नव्हते. त्यांनी आधी गनची बॅटरी काढली, ढिगाची तापलेली कड फावड्याने वेगळी केली, त्यावर कळशी ओतली आणि मगच ते बाहेर आले. "इस्तो दिखस," खोकत खोकत ते भटूला म्हणाले. "हवा दिखत नही. म्हनीसन तिना जास्त भेव."

भटूला त्या दिवशी चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, आणि तो ते विसरला नाही.

नानांच्या बोटांबद्दल मला कळलं ते त्यानंतर. जोड तापला किती, निवला किती, हे ते पूर्वी बोटाच्या टोकाने बघत. पण काही दिवसांपासून माझ्या लक्षात येत होतं की ते जोड उचलून गालाला लावतात. आई मुलाचा ताप बघते तसं डोळे मिटून. मला वाटलं, नवी सवय. नानांना सवयी पुष्कळ होत्या.

एका सकाळी ते ओट्यावर बसून ठिबकच्या पाईपचं तोंड गरम करून मऊ करत होते. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. काहीतरी जळाल्याचा वास आला. मला वाटलं, प्लास्टिक. मान वर केली तर नानांचा अंगठा गनच्या लोखंडी तोंडावर टेकलेला होता आणि ते माझ्याकडे बघून ऊसतोडीबद्दल बोलत होते. बोलण्यात जराही खंड नव्हता.

मी ओरडलो. नानांनी खाली पाहिलं. अंगठा उचलला. घाईने नाही. पाहुण्यांसमोर काहीतरी सांडल्यावर माणूस उचलतो तसा.

आतून नानी आल्या, कमलनानी. त्यांनी अंगठा पाहिला, नानांकडे पाहिलं, आणि त्यांना हे नवीन नाही हे मला कळलं. साखरेच्या दुखण्याने नानांच्या हाताच्या नसा गेल्या होत्या. शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटांना गरम-थंड आता समजणार नाही, चुलीपासून, गरम भांड्यापासून जपा. गनबद्दल नानांनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

"राजूले सांगू नका, सर," नाना म्हणाले. "तो गन लयी जाई. मंग मी काय करू? ओट्टावर बसीसन लोकेसना पाय मोजू?"

बोलल्या त्या नानी. दाराच्या चौकटीला टेकून, अगदी हळू.

"मी येसू तुमनासंगे. जठे जाशात तठे. तपास गालवर करानी. बोट लावानं नही. आनि गन थंडी व्हयनी का नही, ते मी सांगसू."

नानांनी मान हलवली. बायकोची अट इतक्या मुकाट्याने मान्य करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून मोटारसायकलवर मागे नानी असत, मांडीवर दोन पिशव्या घेऊन. लोकांना वाटे, म्हातारपणी जोडीने फिरतात. मला मात्र त्यानंतरचा एकही जोड शांतपणे पाहता आला नाही. गनचा तो सुसाटणारा आवाज सुरू झाला की माझी नजर नळीवर नसे, नानांच्या डाव्या हातावर असे. केबल धरलेला तो हात हवेच्या झोतापासून किती लांब आहे? नानी समोर उकिडव्या बसून तेच बघत. हात जवळ आला की त्या नुसतं "हं" म्हणत. तेवढ्यावर हात मागे जाई. काम झालं की नाना गन पत्र्यावर उभी ठेवत, बॅटरी काढत, आणि नानी तिच्या तोंडाजवळ तळहात नेऊन लांबूनच अंदाज घेत. निवली असं त्यांनी म्हटल्याशिवाय गन पिशवीत जात नसे. दोघांनी मिळून एक धड हात तयार केला होता.

मग आला भटूच्या शेतातला दिवस.

केळी निसवलेली, घड बाहेर पडलेले, आणि मोटार बंद. ऊन असं की बांधावरच्या दगडाला हात लावता येत नव्हता. घोडी उभी होती, मोटार वर ओढून ठेवली होती, आणि ज्या चार-सहा जणांनी ती ओढली होती ते केळीच्या सावलीला बसून नानांच्या तयारीकडे बघत होते. भटू येरझाऱ्या घालत होता. नानांनी माती उघडी केली, वारा पाहिला, केबल हुंगली. तीनही तारांवर नळ्या बसल्या. प्रत्येक जोड त्यांनी उचलून गालाला लावला.

तिसऱ्या वेळी भटू म्हणाला, "नाना, जोडले मुका दी ऱ्हायनात का?"

सावलीत हसू फुटलं. त्याने भटूला जोर आला. "समदा मुका केबललेच देशात, ते नानीना वाटाले काय उरी मंग?"

आता सगळेच हसले. नानीसुद्धा पदराआड जरा हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तिन्ही जोडांवरून चढणारी वरची मोठी नळी त्यांनी मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे फिरवत सुरेख बसवली, डिंकाचे मणी दोन्हीकडे सारखे आले, आणि या वेळी जोड गालाला न लावता त्यांनी तसाच निवायला ठेवला. गन पत्र्यावर उभी केली. बॅटरी काढून पिशवीत टाकली.

तेवढ्यात वारा उठला. मे महिन्यात दुपारचा उठतो तसा, एकदम, गोल. बागेतली वाळलेली पानं उडत आली. दोन-तीन पत्र्यावर आली आणि गनच्या अंगाला चिकटल्यासारखी थांबली. पाठीमागे उसाचं पाचट रचलेलं होतं. नानी अर्धवट उठल्या.

"उचला ती! थंडी व्हयनी का?"

आजवर हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. याचं उत्तर देणं त्यांचं काम होतं. पण त्या पलीकडे होत्या, पानं अलीकडे, आणि सगळे बघत होते. नानांनी दोन बोटं पुढे केली. गनच्या तोंडावर टेकवली. ठेवली. नीट, सगळ्यांना दिसतील अशी.

"व्हयनी," ते म्हणाले.

मी उठून उभा राहिलो होतो. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत नानींनी पुढे होऊन पानं झटकली आणि गन पुढच्या बाजूने उचलली.

त्या ओरडल्या नाहीत. श्वास आत घेतल्याचा आवाज आला आणि गन उघड्या मातीवर पडली. नानांनी कळशी ओढली, नानींचं मनगट धरून हात पाण्यात घातला आणि तसाच दाबून धरला. कोणी हसत नव्हतं. भटूला काय झालं ते अजून कळलं नव्हतं.

"पन नाना, तुमीन ते बोट लाईसन देखं ना?"

नानांनी आपली दोन बोटं वर केली. टोकं पांढरी पडून फुगत होती. त्या बोटांकडे ते असे बघत होते, जणू ती दुसऱ्या कोणाची आहेत.

"मन्हा बोटेसले कयत नही, भटू," ते म्हणाले. सावलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "साल व्हयनं. गरम नही, थंडं नही. काहीच कयत नही. तुन्ही नानी सोडीसन कोनले सांगं नही."

पळत जाऊन भटूने गाडी बांधापर्यंत आणली, नानींना कळशीसकट पुढच्या सीटवर बसवलं आणि शहाद्याच्या रस्त्याला लागला. मी मागे बसलो होतो, नानांशेजारी. स्वतःची बोटं नानांनी डॉक्टरांना दाखवलीच नाहीत. नानींनीच तपासणीच्या खोलीतून ओरडून सांगितलं तेव्हा ती पाहिली गेली.

राजू दुसऱ्याच दिवशी सुरतेहून आला. आला तो सरळ पिशव्या ठेवायच्या खुंटीकडे गेला. नाना ओट्यावर होते. त्यांनी अडवलं नाही. "लयी जाय," एवढंच म्हणाले.

नानी उजव्या हाताला पट्टी बांधून चुलीपाशी बसल्या होत्या.

"ठी दे ती तठे," त्या म्हणाल्या.

"माय, आते तरी ऐक ना."

"तुन्हा बाप चलावनार नही. मी चलावसू."

राजू बापाकडे बघू लागला. बाप बायकोकडे. मग नाना उठून आत गेले, आणि पट्टी बांधलेल्या हातासमोर खाली बसले.

"मी लगेच वरडस," ते म्हणाले. "तुले खपी का?"

"वरडी देखा," नानी म्हणाल्या.

ते ओरडले. हात बरा झाल्यावर नानी शिकायला बसल्या तेव्हा परसातून येणारा आवाज मला शाळेच्या वाटेवर ऐकू येई. गन इतकी जवळ नको, एका जागी थांबवू नको, झोताच्या समोर दुसरा हात नको. नानींची उत्तर द्यायची रीत वेगळी होती. नानांचा आवाज चढला की त्या गन बंद करत, बॅटरी काढत, गन पत्र्यावर उभी करत आणि हात मांडीवर ठेवून बसून राहत. नाना गप्प झाले की पुन्हा बॅटरी लावत. पावसाळा संपेस्तोवर नानांचं ओरडणं बरंच कमी झालं होतं. त्यांच्या जन्मात ते दुसऱ्या कोणालाही जमलं नव्हतं.

पहिला जोड नानींनी भटूच्याच बागेत केला. भटू त्या दिवशी बांधावर उभा होता, तोंडाला कुलूप लावून. काम झाल्यावर त्याने नानींच्या हातून पिशवी घेतली आणि गन निवली की नाही ते स्वतः दहादा विचारलं.

पण नानांचं दुखणं आता बोटांवर थांबलेलं नव्हतं. पाय सुजू लागले, मग दम लागू लागला. त्या हिवाळ्याच्या अखेरीला ते गेले. मी तेव्हा गावात नव्हतो. परतलो तो सगळं उरकलेलं होतं. म्हणून त्यांचं जाणं मला आठवत नाही. मला आठवते ती त्याच्या काही आठवडे आधीची एक सकाळ.

त्यांच्या स्वतःच्या शेतातली मोटार बंद पडली होती. जोड नानींनी एकट्यांनी केला. नाना घरी खाटेवर होते, त्यांना तो बघताही आला नव्हता. मोटार खाली सोडली तेव्हा मात्र ते हट्टाने आले. भटूने गाडीतून आणलं आणि हौदाशेजारी खुर्ची टाकून बसवलं. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. थंडी चांगलीच पडली होती. फ्यूज नानींच्या कमरेला होता. त्यांनी तो बसवला आणि बटण दाबलं.

पाईपमधून आधी नुसती हवा आली. मग गुरगुर. नाना पाईपच्या तोंडाकडे एकटक बघत होते. नानी नानांकडे. मग गढूळ पाण्याचा एक फवारा आला, थांबला, आणि एकदम भरून धार लागली, स्वच्छ, जाड, थंड हवेत वाफ सोडणारी.

नाना खुर्चीतून पुढे वाकले. घोंगडी खांद्यावरून घसरली, ती भटूने धरली. त्यांनी दोन्ही हात धारेखाली धरले. पाणी बोटांतून सांडत होतं, मनगटावरून बाह्यांत शिरत होतं. ते कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत राहिले. मग मान न वळवता त्यांनी विचारलं,

"राजूनी माय, कसं शे?"

नानींनी पुढे होऊन त्यांच्या हातांशेजारी आपला हात धरला.

"कोमट शे," त्या म्हणाल्या. "ऱ्हावू द्या."